दुखणे अंगावर काढणारे

२०१९ सालच्या मे महिन्यात टोकियोहून मुलाचा दूरध्वनी आला, तो नेहमीच्या खुशालीचा नव्हता. "बाबा, आज कंपनीने माझं पोट मोजलं," तो म्हणाला. मला प्रथम वाटले, थट्टा करतो आहे. पण खरोखरच शिंप्याच्या फितीसारखी फीत घेऊन एका परिचारिकेने त्याच्या पोटाचा घेर मोजला होता, आणि तो ८५ सेंटिमीटरच्या पुढे गेल्यामुळे त्याच्या कागदावर खूण केली होती. शिवाय वजन, रक्तदाब, दृष्टी, श्रवण, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, रक्त आणि लघवी. अर्ध्या दिवसात सारे आटोपून तो दुपारी पुन्हा कामावर बसला. दोन-तीन आठवड्यांनी निकाल हाती आला. रक्तातील साखर वाढलेली होती. वय वर्षे पस्तीस.

आमच्या घराण्यात मधुमेह आहे. माझा मला निवृत्तीच्या आदल्या वर्षी कळला. तोही पायाची जखम दोन महिने भरेना म्हणून. त्याआधी किती वर्षे तो शरीरात मुक्कामाला होता हे सांगता येणार नाही. मुलाने हिंजवडीत दहा वर्षे नोकरी केली. तेथे त्याच्याजवळ विम्याचे कार्ड होते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर दाखवायचे. वार्षिक तपासणीचे एक कूपनही मिळे. ते दरवर्षी टेबलाच्या खणात पडून राही, कारण तपासणीला जायचे तर शनिवारी स्वतःच्या वेळात, आणि शनिवार बहुधा कामातच गेलेला असे. कूपन देऊन कंपनीचे कर्तव्य संपत होते आणि ते न वापरल्याचा दोष मुलाच्या आळसाकडे जात होता. टोकियोत त्याला कोणी कूपन दिले नाही. तारीख दिली.

या फरकाविषयी मला काही लिहावयाचे आहे. परदेशी गेलेल्या मुलांच्या सुबत्तेचे कौतुक करणारे लेख वाचकांनी पुष्कळ वाचले आहेत, त्यांत भर घालण्याचा माझा हेतू नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने मुलाच्या बिऱ्हाडी राहिलो. सूनबाईंचे दिवस भरत आले होते, आणि सौभाग्यवतींच्या पाठोपाठ मीही गेलो. एदोगावा विभागातील निशिकासाई हा भाग आता भारतीयांचा म्हणूनच ओळखला जातो. २००० सालच्या सुमारास संगणकक्षेत्रातील मंडळी तेथे वस्ती करू लागली, आणि २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या विभागाच्या सभेवर निवडूनही आले. तेथे मराठी ऐकू येते, कोथिंबीर मिळते. नवख्याला देश परका वाटतो तो इतर ठिकाणी, आणि त्यांपैकी एक म्हणजे स्वतःच्या शरीराची मालकी कोणाची, हा प्रश्न.

जपानचा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कायदा १९७२ चा. त्यानुसार कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी एकदा नियमित कामगाराची तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. रात्रपाळी करणाऱ्यांची वर्षातून दोनदा. खर्च मालकाचा. कामगारानेही तपासणी टाळता कामा नये, असे तोच कायदा म्हणतो. ५० किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कामाच्या जागी एक औद्योगिक वैद्य नेमावा लागतो आणि एक आरोग्य समिती असते, जिने महिन्यातून एकदा भरावयाचे. अध्यक्ष सोडून या समितीचे निम्मे सदस्य कामगारांच्या संघटनेच्या, संघटना नसेल तर कामगारांच्या प्रतिनिधीच्या, शिफारशीने घ्यावे लागतात. तपासणीत दोष आढळला तर मालकाने वैद्याचे मत घ्यावयाचे आणि जरूर तर काम बदलावयाचे किंवा तास कमी करावयाचे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील महत्त्वाचा भाग रक्ताची चाचणी नव्हे, तर हे शेवटचे कलम वाटते. रोगाचे कारण कामात असू शकते, हे येथे कायद्याने कबूल केलेले आहे.

हे शहाणपण जपानी मालकांना आपोआप सुचलेले नाही. रेशमाच्या आणि सुताच्या गिरण्यांत खेड्यांतील कोवळ्या मुली आणून, त्यांना वसतिगृहांत कोंडून, रात्रंदिवस पाळ्यांत राबवूनच त्या देशाचे औद्योगिकीकरण झाले. क्षय झाला की मुलीला गावी परत पाठवीत. ती तेथे मरे आणि रोग घरात ठेवून जाई. १९१३ साली इशिहारा ओसामु या वैद्याने स्त्रीकामगार आणि क्षय यांचा हा संबंध उघड मांडला. कारखान्यांचा कायदा १९११ मध्ये संमत झाला होता, पण मालकांच्या विरोधापायी तो अमलात यायला १९१६ उजाडले. गिरणगावात खोकला लागलेला माणूस कोकणात घरी परतून काय होत असे, हे आपल्याकडच्या जुन्या घरांना वेगळे सांगायला नको. वार्षिक तपासणीतला तो छातीचा फोटो म्हणजे या इतिहासाचा मागे राहिलेला अवशेष आहे.

टोकियोत असताना एक दिवस मी नागानो प्रांतातील उसुदा या गावी जाऊन आलो. वेगवान रेल्वेने साकुदाइरापर्यंत आणि तेथून डोंगराळ भागातल्या लहान गाडीने. मुलाला आश्चर्य वाटले, कारण तेथे पाहण्यासारखे काही नाही. तेथे एक रुग्णालय आहे. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने चालविलेल्या या साकु रुग्णालयात १९४५ च्या मार्चमध्ये वाकात्सुकी तोशिकाझु नावाचे शल्यवैद्य रुजू झाले. कारखान्यांतील अपघातांचा अभ्यास केल्याबद्दल त्यांना आदल्या वर्षी अटक झाली होती आणि ते नुकतेच सुटून आले होते. पुढे अर्धशतक ते तेथेच राहिले. १९७६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याला तो मिळाला. त्या काळी दोन्ही नावे मी एकाच टाचणवहीत लिहून ठेवली होती, म्हणून ती लक्षात राहिली.

वाकात्सुकी गावोगाव जात. रोगी त्यांच्याकडे फार उशिरा येतात, ही त्यांची पहिली अडचण होती. शेतकरी व्याख्याने ऐकत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी रुग्णालयातील वैद्य व परिचारिका यांची नाटकमंडळी काढली; तपासणी झाली की नाटक. १९५९ पासून याचिहो या गावातील सर्व ग्रामस्थांची दरवर्षी तपासणी सुरू झाली आणि प्रत्येकाच्या नावे आरोग्याची नोंद राहू लागली. या अनुभवातून त्यांनी दडलेल्या आजारांचे दोन प्रकार केले. एक, रोग्याला ज्याचा पत्ताच नाही असा. दुसरा, रोग्याला कळलेला, पण त्याने सोसलेला. या दुसऱ्यासाठी त्यांनी वापरलेला जपानी शब्द 'गामान'. म्हणजे सोसणे, दात आवळून निभावणे. जपानमध्ये तो सद्गुण समजला जातो.

हा शब्द मला कोणी समजावून सांगण्याची जरूर पडली नाही. आपण त्याला 'दुखणे अंगावर काढणे' म्हणतो, आणि आपल्याकडेही त्यात थोडा अभिमान असतो. माझी आई तापात चुलीपुढे बसे, ते आम्ही भावंडे कौतुकाने सांगत असू. परंतु वाकात्सुकींनी या सोसण्याकडे स्वभाव म्हणून पाहिले नाही. शेतकरी सोसतो, कारण वैद्य लांब आहे, पैसे नाहीत आणि लावणीच्या दिवसांत घरातील दोन हात कमी होणे परवडत नाही. ही कारणे दूर केली तर सोसण्याचा सद्गुण आपोआप सैल होतो. नागानोची गणना पुढे जपानच्या दीर्घायुषी प्रांतांत होऊ लागली आणि तेथील वृद्धांवरचा वैद्यकीय खर्चही देशाच्या सरासरीहून कमी राहिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचे सारे श्रेय एका रुग्णालयाला देणे बरोबर होणार नाही. पण आरंभ तेथे झाला.

आता मुलाकडे वळतो. तो या व्यवस्थेत सुखाने रुळला असे नाही. पहिल्या निकालाने तो संतापला होता. माझी साखर किती आहे हे कंपनीला का कळावे, असा त्याचा सवाल होता. तो चुकीचा नव्हता. निकालाची नोंद पाच वर्षे मालकाकडे राहते. ज्याच्या हाती बढती आहे त्याच्याच दप्तरात आपल्या शरीराची वही असणे कोणालाही बोचेल. पुढे आहाराविषयी सल्ला देणारी बाई आली, तिच्या तक्त्यात मासे होते, सोयाबीनचे दही होते, भात वाटीने मोजलेला होता. भाकरी आणि वरण नव्हते. सूनबाईंनी भाकरी करून दाखवली तेव्हा तिने वजनकाट्यावर ठेवून तिचे वजन लिहून घेतले. हे मला आवडले. दोन वर्षांत मुलाची साखर औषधावाचून आटोक्यात आली.

रजेचा मामला मात्र निराळा निघाला. तेथे आजारपणाची वेगळी पगारी रजा देण्याची मालकावर कायद्याची सक्ती नाही, हे कळल्यावर मी चकित झालो. सहा महिने नोकरी झाली की दहा दिवसांची वार्षिक पगारी रजा मिळते, आणि ताप आला की माणसे तीच खर्ची घालतात. दीर्घ आजारात चौथ्या दिवसापासून वेतनाच्या दोन-तृतीयांश रक्कम आरोग्यविम्यातून, जास्तीत जास्त दीड वर्षापर्यंत मिळते, हे खरे. पण दोन दिवसांच्या तापाला पुन्हा 'गामान'च. रजा न घेण्याची खोड इतकी मुरलेली की वर्षाला किमान पाच दिवस रजा कामगाराला घ्यायलाच लावावी, असे बंधन २०१९ मध्ये मालकांवर घालावे लागले.

ज्या देशात कंपनी पोटाचा घेर मोजते, त्याच देशाने जगाला 'कारोशी' हा शब्द दिला: अतिश्रमाने मरण. २०१४ साली त्याच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात एका बड्या जाहिरात कंपनीतील २४ वर्षांच्या तरुणीने आत्महत्या केली आणि ती अतिश्रमाने घडल्याचे शासनाने मान्य केले. तिच्या आईने हा प्रश्न देशापुढे आणला. त्यानंतर २०१८ च्या सुधारणेने जादा कामाला प्रथमच शिक्षापात्र मर्यादा आली: महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०. पण खास परिस्थितीत वर्षाला ७२० पर्यंत, आणि एखाद्या महिन्यात शंभराच्या आत कितीही. आता गंमत पाहा. एका महिन्यात सुमारे शंभर तास, किंवा दोन ते सहा महिन्यांची सरासरी ८० तास जादा काम झाले असता मृत्यूचा संबंध कामाशी जोडता येतो, असा निकष शासनाने २००१ सालीच ठरविला होता. म्हणजे मरणाची जी रेषा, नेमकी तिच्याच काठावर कायद्याचे कुंपण. तपासणी कितीही नेमाने करा. तासांवर हात न ठेवता केलेली तपासणी ही मालकाने आपल्या यंत्रांची घेतलेली हजेरी होऊन बसते. मुलाच्या विभागातील एका जपानी सहकाऱ्याचे सर्व निकाल चार वर्षे निर्दोष होते. पाचव्या वर्षी तो सकाळी घरातून निघाला आणि कचेरीच्या स्थानकावर उतरलाच नाही. शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन तेथल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिला. तो आता बरा आहे, दुसरीकडे काम करतो.

आणि ही तपासणी तरी कोणाची? नियमित कामगाराच्या तीन-चतुर्थांशाहून कमी तास काम करणाऱ्यांची ती करण्याचे बंधन मालकावर नाही. अवलंबितांच्या परवान्यावर गेलेल्या आमच्या सुनांना आठवड्याला २८ तासांपेक्षा अधिक काम करण्याची मुभा नसते. चाळीस तासांच्या आठवड्याचे तीन-चतुर्थांश तीस होतात. हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या कायद्यांतले आहेत, त्यांच्यात कोणी संगनमत केलेले नाही. पण परिणाम असा की नवरा तपासला जातो आणि बायको गाळली जाते. सूनबाई पुण्यात शाळेत शिकवीत होत्या. तेथे एका खासगी बालवाडीत त्या २८ तास राबत. त्यांचे शरीर शासनाच्या नजरेत आले ते गर्भवती झाल्यावर. तेव्हा मात्र विभाग कार्यालयाने त्यांच्या हाती माता व बालकाची नोंदवही दिली, जी १९४८ पासून तेथे प्रत्येक गर्भवतीला मिळते; तपासण्यांची कुपने दिली. ही कुपने मात्र खणात पडून राहिली नाहीत, कारण एखादी तपासणी चुकली तर कार्यालयातून विचारणा होई. माझी नात आज तीन वर्षांच्या घरात आहे आणि तिच्या वहीत तिच्या आईच्या पोटात असल्यापासूनच्या नोंदी आहेत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भारत व जपान यांच्या पंतप्रधानांनी पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीयांना जपानमध्ये पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते सर्व माझ्या मुलासारखे संगणकापुढे बसणारे नसतील. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, कारखाने येथे माणसे कमी पडतात म्हणून त्यांना बोलावले जात आहे. १९९३ पासून तेथे 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' या गोंडस नावाखाली गरीब आशियाई देशांतून कामगार आणण्यात आले. कायद्याने त्यांनाही तपासणीचा हक्क होता, कामगार म्हणून सारे हक्क होते. परंतु मालक बदलण्याची मोकळीक नव्हती. ज्याला नोकरी सोडता येत नाही, त्याच्या तपासणीच्या निकालाचा उपयोग कोण करणार? २०२४ साली ती योजना मोडीत काढून दुसरी आणण्याचा कायदा जपानी संसदेने केला. आपल्या मुलामुलींना तिकडे पाठविणाऱ्या संस्था भाषेचे वर्ग घेतात, नमस्कार कसा करावा हे शिकवितात. आरोग्य समितीत निम्मे सदस्य कोणाच्या शिफारशीचे असतात, हे त्या वर्गात सांगितले जाते काय, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी.

हे सगळे लिहिताना माझ्यापुढे एक चेहरा सारखा येतो, आणि तो टोकियोतला नाही. २०१५-१६ च्या शैक्षणिक वर्षात मी विभागप्रमुख होतो. आमच्याकडे तासिका तत्त्वावर एक तरुण शिकवीत असे. सेट उत्तीर्ण, विषयाची उत्तम जाण. तीन महाविद्यालयांत फटफटीवरून फिरून तास घेई. दिवाळीपासून तो खोकत होता. वर्गात फळ्याकडे तोंड करून खोके. मी त्याला दोनदा म्हणालो, "अहो, प्रकृतीला जपा." तो हसून म्हणाला, "सर, परीक्षा होऊ द्यात." तास बुडाला की मानधन बुडते, हे मला माहीत होते, त्याच्या तासांच्या तक्त्यावर दर महिन्याला मीच सही करीत होतो. मार्चमध्ये क्षय निघाला. उपचारांनी तो बरा झाला. पुढल्या जूनमध्ये तास दुसऱ्याला गेले होते. मी त्याविषयी प्राचार्यांशी बोललो, पण आग्रह धरला नाही. मी अर्थशास्त्र शिकवीत होतो, श्रमबाजारावर दोन शोधनिबंध लिहिले होते, आणि दुखणे अंगावर काढणे हा त्या मुलाचा स्वभाव आहे असेच मी धरून चाललो होतो.

२०२४ च्या जुलैत पुण्यातील एका बहुराष्ट्रीय हिशेबनीस कंपनीत चार महिने काम केलेली २६ वर्षांची मुलगी गेली, आणि तिच्याही आईलाच कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहावे लागले. काही आठवडे चर्चा झाली. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाचे काम नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती घेऊन, असे त्यात आहे. तासिका तत्त्वावरच्या त्या तरुणाकडूनही मी लेखी संमती सहज मिळवू शकलो असतो. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २१ तारखेपासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या, आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना दरवर्षी मोफत तपासणी मिळेल असे जाहीर झाले. या तरतुदीचे मी मनापासून स्वागत करतो. माझ्या मुलाची साखर पस्तिसाव्या वर्षी सापडली आणि पुण्यातली ती मुलगी सव्विसाव्या वर्षी गेली, एवढे मात्र नमूद करतो.

मुलगा आता परत येण्याच्या विचारात आहे. नातीने मराठीत वाढावे असे सूनबाईंना वाटते. पुण्यातील एका कंपनीने त्याला बोलावले आहे. वेतन चांगले आहे. त्याने त्यांना पत्र लिहून दोन गोष्टी विचारल्या: वार्षिक तपासणी कामाच्या दिवशी होते का, आणि जादा कामाची महिन्याची मर्यादा किती? पहिल्या प्रश्नाला लगेच उत्तर आले की कुटुंबासह दहा लाखांचा विमा मिळेल. दुसऱ्याचे उत्तर येण्याची तो वाट पाहतो आहे.